सभागृहापासून मागापर्यंतची वाट

शाहूपुरी, कोल्हापूर

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद.

जिनिव्हातल्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेचे शेवटचे मतदान आटोपल्यावर आणि समितीच्या वृत्तान्ताचा अखेरचा मसुदा सुपूर्द केल्यावर तू लिहिलेले पत्र पोहोचले. त्यात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. पुढील जूनपर्यंत जिनिव्हातच राहण्याची जी नेमणूक तुला देऊ केली आहे ती स्वीकारावी की नाही, हा एक. आणि इतकी जागरणे करून, इतक्या दुरुस्त्या शब्दशः टिपूनही इचलकरंजीत बारा तासांच्या पाळीत माग चालवणाऱ्या तुझ्या वडिलांच्या दिवसात काहीच बदलणार नसेल, तर या कामाचे आणि एकूण जगण्याचेच प्रयोजन काय, हा दुसरा. दुसरा प्रश्न मोठा आहे म्हणून तो पुढे ढकलावा असे मला वाटत नाही. त्याचा निदान एक भाग वस्तुस्थिती म्हणून तपासून पाहता येतो: परिषदेत मंजूर झालेले वाक्य मागापर्यंत पोहोचते की नाही?

व्हर्सायच्या तहातून १९१९ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटना उभी राहिली आणि त्याच वर्षी वॉशिंग्टनला तिची पहिली परिषद भरली. हिंदुस्थानातील कामगारांचे प्रतिनिधी म्हणून आपले नारायण मल्हार जोशी तेथे गेले होते. त्यांची निवड सरकारने केली होती, कारण कामगारांची मध्यवर्ती संघटना देशात तोवर अस्तित्वातच नव्हती. पुढच्या वर्षी मुंबईत आयटक, म्हणजे अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस, ही कामगार संघटनांची मध्यवर्ती संस्था स्थापन झाली आणि परिषदेला आपला प्रतिनिधी आपणच पाठवावा ही गरज तिच्या स्थापनेमागील एक कारण होती. त्या पहिल्या परिषदेने कारखान्यांतील कामासाठी दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांचा करार संमत केला. मात्र त्याच कराराच्या दहाव्या कलमाने ब्रिटिश हिंदुस्थानसाठी आठवड्याला ६० तासांचे तत्त्व लिहून ठेवले. ते कलम वाचताना मला आजही राग येतो. माणसाच्या थकण्याचे माप देश पाहून ठरवले गेले होते. तरीही पुढे काय झाले ते पाहा. १९२२ मध्ये फॅक्टरी कायदा सुधारला गेला आणि आठवड्याला ६० तासांची मर्यादा कायद्यात आली. १९३४ च्या कायद्याने बारमाही कारखान्यांसाठी ती ५४ वर आणली. आणि बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना तयार झालेल्या १९४६ च्या दुरुस्तीने ती ४८ झाली. वॉशिंग्टनपासून तेथवर सत्तावीस वर्षे गेली. वाक्य पोहोचले, पण एका पिढीची गिरणीतील उमेद उलटून गेल्यावर.

मग ते तुझ्या वडिलांपर्यंत का आले नाही? याचे उत्तर जिनिव्हात शोधू नकोस. ते आपल्या जिल्ह्यात आहे. १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात विजेवर चालणाऱ्या कारखान्यासाठी किमान दहा कामगारांची अट होती, आणि ती टाळण्यासाठी एकाच छपराखालचे माग कागदोपत्री वेगवेगळ्या नावांवर दाखवण्याची रीत पडली. त्यातच मजुरी मीटरवर. जितके कापड उतरेल तितके पैसे, म्हणून बारा तास उभे राहणे ही कामगाराची स्वतःची इच्छा आहे, असे म्हणायला मालक मोकळा राहतो. खर्चीवाला, म्हणजे दुसऱ्याचे सूत मजुरीवर विणून देणारा छोटा मागवाला, स्वतःही व्यापाऱ्याने ठरवलेल्या दरात अडकलेला असतो, हे विसरून चालणार नाही. कामगार न्यायालयात अशी प्रकरणे चालवताना ‘मालक कोण’ हे सिद्ध करण्यातच वर्षे जाताना मी पाहिली आहेत. वाट तुटली आहे ती शेवटच्या काही पावलांवर, आणि तेथे ती कशी तुटते हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे.

आता तुझ्याच समितीकडे वळतो. यंदा तू जिचा वृत्तान्त लिहिलास ती चर्चा ॲपवरून काम मिळवणाऱ्या कामगारांविषयी होती. पत्रात तू तिचा उल्लेख एका ओळीत केला आहेस आणि ‘आपल्याकडच्या लोकांशी दूरान्वयानेही संबंध नसलेला विषय’ असे म्हटले आहेस. येथे मी तुझ्याशी पूर्णपणे असहमत आहे. त्या समितीत दिवसेंदिवस वाद कशावर झाला? घरपोच खाणे पोहोचवणारा मुलगा हा नोकर आहे की स्वतःचा धंदा करणारा स्वतंत्र माणूस, यावर. फेरीवर पैसे, वेळेचे बंधन नाही, मग कामाचे तास मोजायचे कशाला, असा तेथील एका पक्षाचा युक्तिवाद होता असे तूच लिहिले आहेस. हाच युक्तिवाद तुझ्या वडिलांना मीटरच्या मजुरीच्या रूपाने आयुष्यभर ऐकवला गेला. हुपरीत घरी बसून चांदीच्या साखळीच्या कड्या जोडणाऱ्या बाईला तोच ऐकवला जातो आणि कोल्हापुरी चपलेची वेणी गुंफणाऱ्या बाईलाही. काम घरी, साहित्य दुसऱ्याचे, दर दुसऱ्याने ठरवलेला, आणि तरी म्हणायचे की ती तिच्या मर्जीची मालकीण आहे.

घरबसल्या काम करणाऱ्यांसाठी १९९६ मध्ये याच परिषदेने १७७ क्रमांकाचा करार संमत केला. त्यासाठी स्वयंरोजगारी स्त्रियांच्या अहमदाबादच्या ‘सेवा’ संस्थेने मोठा पाठपुरावा केला होता. आपल्या देशाने त्या कराराचे अनुसमर्थन अद्याप केलेले नाही, म्हणजे तो स्वतःवर बंधनकारक मानलेला नाही, आणि त्यामुळे हुपरीच्या बाईला तो दाखवून काही मागता येत नाही. पण १९९६ च्या त्या समितीत घरबसल्या काम करणाऱ्या कामगाराची व्याख्या कशी घडली, कोणी कशाला विरोध केला, कोणत्या आक्षेपाला काय उत्तर दिले गेले, हे सारे वृत्तान्तात आहे. माझी तुला पहिली सूचना हीच आहे: तो वृत्तान्त मिळव आणि यंदाच्या आपल्या वृत्तान्ताशेजारी ठेवून सलग वाच. ज्या हाताने तो लिहिला तो तुझ्यासारखाच कोणा तात्पुरत्या कर्मचाऱ्याचा असेल, आणि आज तो नीट लिहिलेला आहे म्हणूनच तुझ्या उपयोगी पडेल.

तुझ्या कामाला मी महत्त्व देतो ते या कारणाने. करार संमत होऊन वीस वर्षांनी कलमाच्या अर्थावर वाद उभा राहतो, तेव्हा समितीत काय बोलले गेले होते ते उघडून पाहिले जाते. आणि आपल्या देशाने जे मान्य केले आहे ते न्यायालयातही बोलते. स्त्रियांविरुद्धचे भेदभाव नष्ट करण्याचा करार संयुक्त राष्ट्रांनी १९७९ मध्ये संमत केला, भारताने १९९३ मध्ये त्याचे अनुसमर्थन केले, आणि कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध देशात स्वतंत्र कायदा नसताना सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये विशाखा प्रकरणात त्याच कराराचा आधार घेऊन मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. कायदा पुढे २०१३ मध्ये झाला. आज आपल्या एमआयडीसीतील एखादी मुलगी तक्रार समितीसमोर उभी राहते, तेव्हा तिच्यामागे ही सगळी लेखी साखळी असते.

प्रयोजनाविषयी मला जे सांगायचे आहे ते असे. ते सभागृहाच्या भव्यतेत नाही, हे तू बरोबर ओळखलेस. पण ते वडिलांच्या शेडमध्ये परत जाऊन उभे राहण्यातही आपोआप सापडणार नाही. सभागृहातील भाषा जाणणारी माणसे पुष्कळ आहेत, आणि मागाचा आवाज कानात घेऊन वाढलेलीही पुष्कळ आहेत. दोन्ही जाणणारे फार थोडे, आणि त्या थोड्यांपैकी तू एक आहेस. ही स्थिती तू निवडलेली नाहीस, ती तुला परिस्थितीने आणि आईवडिलांच्या कष्टांनी दिली आहे. तुटलेली वाट कोठे तुटली ते दोन्ही बाजूंना त्यांच्या त्यांच्या भाषेत सांगणे, हे काम तुझ्यासमोर पडलेले मला स्पष्ट दिसते. याहून व्यापक असे आयुष्याचे प्रयोजन मला सांगता येणार नाही, आणि जे कोणी सांगतील त्यांच्यापासून या वयात थोडे अंतर ठेव.

अपराधभावाबद्दलही लिहितो, कारण पत्राच्या ओळीओळीत तो आहे. वडील पाळीवर असताना आपण सरोवराकाठी बसलो याची तुला बोचणी लागली. ही बोचणी चांगल्या मनाची खूण आहे, पण निर्णयासाठी ती फार वाईट सल्लागार आहे. तिच्या आहारी जाऊन परतलेली माणसे वर्षभरात कडवट होतात आणि ज्यांच्यासाठी परतलो त्यांनाच दोष देऊ लागतात. लांब असणे म्हणजे सोडून जाणे नव्हे. शाहू महाराज सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी १९०२ मध्ये विलायतेत होते, आणि त्याच मुक्कामाच्या काळात, २६ जुलै रोजी, करवीर दरबारच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखण्याचा हुकूम येथे निघाला. माणूस कोठे आहे यापेक्षा त्याचे लक्ष कोठे आहे याला अधिक मोल आहे, हे कोल्हापूरच्या मुलीला मी वेगळे समजावून सांगण्याची गरज नसावी.

आणखी एक साधी गोष्ट. दोन आठवडे रात्रीच्या बैठका झाल्यावर, एकट्या खोलीत, परक्या देशात, कोणालाही जगणे निरर्थक वाटू शकते. आधी झोप भरून काढ, नीट जेव, आईशी रोज बोल. त्यानंतरही प्रश्न उरला तर तो खरा.

माझ्या मते तू नेमणूक स्वीकारावीस, मात्र दोन अटी स्वतःवर घालून. रजा पाहुणीसारखी घालवायची नाही. वडिलांच्या शेडमध्ये त्यांच्या आणि सोबत्यांच्या संमतीने बसून सूत कोण देतो, दर कोण ठरवतो, पाळी किती तासांची आणि हिशेब कोणाच्या वहीत लिहिला जातो हे नोंदवायचे. आणि पुढची परिषद संपल्यावर, आणखी मुदतवाढ मिळाली तरी, ती घेण्यापूर्वी येथे येऊन माझ्याशी आणि घरच्यांशी समोरासमोर बोलायचे. पैसे घरी पाठवतेस ते पाठवत राहा, पण ते कर्जफेड म्हणून पाठवू नकोस. वडिलांना ते कळते आणि लागते.

दिवाळीच्या आधी बोनसची बोलणी सुरू होतात, तेव्हाच रजा घे. इचलकरंजीला सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात मागवाले, कामगारांचे पुढारी आणि सरकारचा अधिकारी एका टेबलाशी बसतात. तुझ्या परिषदेत जे तीन पक्ष आहेत तेच येथे आहेत, फक्त बोलणे मोठ्या आवाजात होते आणि नोंद फारच त्रोटक राहते. मी युनियनच्या बाजूने असेन. तू माझ्याशेजारी बसून त्या बैठकीचा वृत्तान्त समितीच्या वृत्तान्ताइतक्याच काटेकोरपणे मराठीत लिहून दे. पुढच्या प्रकरणात मला त्याची गरज लागणार आहे. नेमणुकीच्या पत्रावर सही करण्यापूर्वी रजेच्या तारखा त्यांच्याकडून लेखी घे आणि मला कळव.

तुझ्या आईला आणि वडिलांना माझा नमस्कार.

तुझा शुभचिंतक