जपानच्या उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावरच्या इतक्या गावांच्या नावात 'बेत्सु' आणि 'नाइ' का येतं?

कारण ही नावं मुळात जपानी नाहीतच, तिथल्या मूळ रहिवासी आइनू लोकांची आहेत. आइनू भाषेत 'पेत' म्हणजे नदी, 'नाय' म्हणजे ओढा. जपान्यांनी हे उच्चार आपल्या जिभेला जमतील तसे वळवले आणि ध्वनी जुळेल ती कांजी चिन्हं (चिनी लिपीतून आलेली, प्रत्येकाला स्वतःचा अर्थ असलेली) त्यांना चिकटवली. त्यामुळे चिन्हांवरून अर्थ काढायला गेलात की फसलात! नोबोरिबेत्सु घ्या: चिन्हं सांगतात 'चढणे' आणि 'वेगळे', मूळ नाव मात्र 'नुपुर-पेत', गढूळ पाण्याची नदी. तिथले गंधकाचे गरम झरे पाहिले की हे पटतं. वाक्कानाइ म्हणजे 'याम-वाक्का-नाय', गार पाण्याचा ओढा. त्यातला 'याम' पुढे गळाला. होक्काइदोची राजधानी साप्पोरो, तिच्या नावाबद्दल मात्र एकमत नाही. 'सात-पोरो-पेत', कोरडी मोठी नदी, ही व्युत्पत्ती सर्वाधिक सांगितली जाते.

गंमत म्हणजे उलटंही घडतं. साप्पोरोतल्या 'त्सुकिसाप्पु' भागाची चिन्हं 'चंद्र' आणि 'थंड' अशी आहेत. १९४४ मध्ये त्याचं वाचन बदलून सरळ 'त्सुकिसामु' केलं गेलं. म्हणजे इथे चिन्हांनीच उच्चार गिळला.

'नाइ'वाली नावं जपानच्या मुख्य बेटाच्या, होन्शूच्या, उत्तर टोकाला, आओमोरी-अकिता प्रांतांकडेही सापडतात.