माझ्या मांजरीला हायपरएस्थेशिया सिन्ड्रोम आहे असं डॉक्टर म्हणतात, घरचे म्हणतात नाटकं करते. आयुष्यभर गोळ्या द्याव्या लागतील का?

'नाटकं करते' हे वाचलं आणि राहवलं नाही. मांजर नाटकं करत नाही. माझ्या ताईला हे अजून पटलेलं नाही.

हायपरएस्थेशिया म्हणजे कातडी, विशेषतः पाठीची, स्पर्शाला अति संवेदनशील होणं. आमची मांजर चिंगी ऐन तारुण्यात असताना असंच सुरू झालं. निवांत बसलेली असायची आणि एकाएकी कमरेजवळची कातडी सरसर थरथरायला लागायची. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या, काळ्याभोर. स्वतःच्याच शेपटीवर झडप, चावा, किंकाळी आणि पलंगाखाली धूम. शेपटीचं टोक चावून चावून रक्ताळलं होतं. ताईचं निदान तयार: "लाडावून ठेवलीस. एक फटका दे, गप्प बसेल." जिला पाठीवरून फिरवलेला हात सोसत नव्हता, तिला फटका!

डॉक्टरांनी बारीक दातांच्या फणीने तिचे केस विंचरले. पिसू एकही सापडली नाही. पण फणीत अडकलेले काळे कण त्यांनी ओल्या कापसावर ठेवले, तर प्रत्येक कणाभोवती तांबूस डाग पसरला. ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. मांजर स्वतःला चाटताना पिसवा गिळून टाकते, म्हणून त्या दिसत नाहीत. आणि ॲलर्जी असेल तर थोडे चावेही पुरतात. "घराबाहेर न पडणाऱ्या मांजरीला कुठल्या पिसवा?" हा ताईचा मुद्दा तिथेच निकालात निघाला. पिसवा आपल्या कपड्यांवरूनही घरात येतात.

म्हणून सांगते, हायपरएस्थेशिया हे नाव सगळ्यात शेवटी द्यायचं असतं. आधी पिसवा, त्वचारोग, मणक्याचं दुखणं, फिट्स हे सगळं तपासायला हवं. तुमच्याकडे पाठीचा एक्स-रे झालाय का? नसेल तर आधी तो विषय काढा. झटका आला की तिला धरू नका, ओरडू नका, मोबाइलवर व्हिडिओ काढा. दवाखान्यात ती हमखास शहाण्यासारखी बसते.

चिंगीला दर महिन्याला पिसवांचे थेंब आणि सोबत गॅबापेन्टिन ही मज्जातंतूंच्या दुखण्यावरची गोळी सुरू केली. खाण्याच्या आणि खेळण्याच्या वेळा ठरवून टाकल्या. पुढे डॉक्टरांनीच गोळी हळूहळू कमी करत बंद केली. थेंब मात्र चालूच आहेत. सगळ्यांचं असंच होईल असं नाही, काही मांजरांना कायमच गोळ्या लागतात. फ्लुऑक्सेटिन (चिंता कमी करणारं औषध) दिलं असेल तर 4 ते 6 आठवडे धीर धरा. फेनोबार्बिटल हे फिट्सवरचं औषध असेल तर मनाने बंद करू नका, अचानक थांबवलं तर फिट येऊ शकते.

आणि हो, पिसवा सिद्ध झाल्यावर ताईने तिच्या कुत्र्याचे उरलेले थेंब आणून दिले होते. "औषध ते औषध," म्हणे. कुत्र्यांच्या काही थेंबांत परमेथ्रिन हे कीटकनाशक असतं, त्याने मांजर मरू शकतं. मी ती बाटली तिला तशीच परत दिली. तुम्हालाही कुणी दिली तर लावू नका, देणारं कितीही जवळचं असो.