जुने प्लॅस्टिकचे सैनिक पुन्हा रंगवावेत का?

आपण विचारले आहे की, लहानपणीचे इंचभर उंचीचे प्लॅस्टिकचे सैनिक आणि काही जी. आय. जो (सांध्यांत हलणारे अमेरिकन सैनिक-बाहुले) माळ्यावर सापडले आहेत, तर ते स्वच्छ करून नव्याने रंगवावेत का, आणि विकल्यास किती रुपये मिळतील. पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर स्पष्ट नकाराचे आहे. आमच्या घरात याच विषयावरून झालेला वाद अजून मिटलेला नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

माझे धाकटे काका मर्चंट नेव्हीत होते. त्यांनी इंग्लंडहून एअरफिक्सचे सैनिक आणले होते. ही कंपनी 1959 पासून मऊ पॉलिथिनचे हे छोटे सैनिक काढत असे, आणि ते एकाच रंगाच्या प्लॅस्टिकमध्ये, न रंगवलेलेच येत. पंचवटीतल्या आमच्या वाड्यात दर दिवाळीला किल्ला होई. मातीचे मावळे बुरुजांवर आणि काकांचे करडे सैनिक पायथ्याशी, अशी आमची मांडणी ठरलेली असे. वाडा पाडायची वेळ आली तेव्हा सैनिकांचा बिस्किटांचा डबा माझा आतेभाऊ सिडकोतल्या आपल्या घरी घेऊन गेला. डबा सर्व भावंडांचा असूनही त्याने कोणाला विचारले नाही. सैनिक साबणाच्या गरम पाण्यात घालून ब्रशने घासले आणि ऑइलपेंटने रंगवले: कोट लाल, टोप्या काळ्या, चेहऱ्यांवर गुलाबी ठिपका.

मी त्यातला गुडघा टेकून नेम धरलेला एक सैनिक हातात घेतला. बंदुकीची नळी बोटाने जराशी वाकवताच तिच्यावरचा काळा रंग सालीसारखा सुटून आला. चेहऱ्यावर मूळ साच्यातले नाक आणि हनुवटी दाट रंगाखाली बुजून गेली होती. पायाखालच्या पट्टीच्या कडेला किल्ल्याच्या काळ्या मातीची बारीक रेघ वर्षानुवर्षे होती, तीही धुऊन गेली होती. पॉलिथिनचा पृष्ठभाग मेणचट असल्यामुळे रंग त्यावर नीट धरत नाही, आणि पातळ भाग वाकला की रंग तडकतो. हे आतेभावाला मी तेव्हाही समजावले. त्याचे म्हणणे एवढेच की, आता ते ‘छान दिसतात’. छान दिसणे हा जुन्या वस्तूचा निकष असूच शकत नाही, असे माझे ठाम मत आहे. साच्यातून जसा निघाला तसा आणि मुलांच्या हातांनी जसा झिजला तसा तो सैनिक, यापलीकडे जुन्या खेळण्यात जपण्यासारखे दुसरे काही नसते.

जी. आय. जो यांची गोष्ट वेगळी आहे, कारण त्यांना रंग कारखान्यातच दिलेला असतो. 1982 पासूनच्या पावणेचार इंची आवृत्तीत धड आणि पाय यांना आतले एक रबरी कडे जोडून ठेवते. माळ्यावरच्या उन्हाळ्याने ते कडक होऊन तुटते आणि बाहुल्याचे कमरेतून दोन तुकडे होतात. असा बाहुला मोडला असे समजून टाकू नका. पाठीवरचा स्क्रू काढला की धड उघडते आणि नवे कडे बसवता येते. अशी दुरुस्ती मला पूर्ण मान्य आहे. अंगठे आणि कमरेखालचा सांधा मात्र नाजूक असतात, तेव्हा बंदूक जबरदस्तीने हातात अडकवू नका. आपल्याकडचे बहुतेक जो फनस्कूलचे असतील. ही कंपनी 1987 मध्ये एमआरएफ आणि अमेरिकेतली खेळण्यांची कंपनी हॅसब्रो यांनी मिळून काढली. तिच्या काही बाहुल्यांचे रंग अमेरिकन आवृत्तीपेक्षा वेगळे असल्यामुळे परदेशातले संग्राहकही ते शोधतात. झिजलेल्या छातीवर नवा रंग चढवला, तर हा फरकच पुसला जाईल.

किमतीचे मी एवढेच सांगेन की, ती बाहुल्यापेक्षा त्याच्या बंदुकीवर, पाठीवरच्या पिशवीवर आणि पाकिटामागच्या माहितीपत्रकावर अधिक ठरते. त्यामुळे माळ्यावरची धूळसुद्धा चाळून पाहा. भंगारवाल्याला दाखवू नका. तो वजनावर भाव करील. धूळ कोमट पाणी आणि मऊ ब्रश यांनी काढा, स्टिकर असतील तिथे पाणी लावू नका. मऊ पीव्हीसीचे भाग कडक प्लॅस्टिकला लागून ठेवू नका, कारण पीव्हीसीतले मऊपणा देणारे द्रव्य बाहेर येऊन कडक प्लॅस्टिक खराब करते.

आजच्या नव्या संचांतले सैनिक युद्धखेळांसाठी रंगवणारे लोक आहेत आणि त्यांच्याशी माझे भांडण नाही. ती स्वतंत्र कला आहे, तिचे प्रायमर आणि रंगही वेगळे असतात. आपले सैनिक आधीच कोणी रंगवलेले असतील, तर ते खरवडू नका, तसेच राहू द्या. पण न रंगवलेले असतील आणि घरातले कोणी हौसेने ब्रश घेऊन पुढे आले, तर डबा कुलुपात ठेवा आणि वाटणी आधी करा. आमच्याकडे वाटणी आधी झाली असती, तर निदान माझ्या वाट्याचे सैनिक करडे राहिले असते.