क्लब दुसऱ्या शहरात हलवणार असतील तर चाहत्यांनी सामन्यांवर बहिष्कार घालावा की मैदानात जाऊन निषेध करावा?

तुम्ही लिहिलंय की मालक क्लब दुसऱ्या शहरात न्यायच्या गोष्टी करतोय, अजून पक्कं काहीच नाही, आणि तुमच्यात आत्ताच दोन तट पडलेत. एक गट म्हणतो उरलेल्या सामन्यांना मैदानात पाऊल ठेवायचं नाही. दुसरा म्हणतो आत जाऊन मैदान दणाणून सोडायचं. माझ्या मते आज दुसरा गट बरोबर आहे आणि निर्णय झाला की त्याच दिवसापासून पहिला. तुम्ही भांडताय पद्धतीवरून, खरं भांडायला हवं तारखेवरून. आम्ही ती तारीख चुकवली होती म्हणून सांगतोय.

मी बेळगावचा, शहापूर भागातला. निषेध कसा करायचा हे आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. १९५६ साली राज्यांची फेररचना झाली आणि आम्ही तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलो, तेव्हापासून दर १ नोव्हेंबरला इथला मराठी माणूस काळा दिन पाळतो. दंडाला काळी फीत, सायकल फेरी, घोषणा. वडिलांच्या सायकलच्या दांडीवर बसून मीही फिरलोय. त्यामुळे निषेधाचं सामान घरात तयारच असतं, आणि आमचा घात त्यानंच केला. सामान हाताशी असलं की समोर कोण उभा आहे हे माणूस बघत नाही. सरकारला जे झोंबतं ते टीमच्या मालकाला झोंबेलच असं नाही.

झालं असं. दहाबारा वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या पोरांची एक फुटबॉल टीम होती. क्लब म्हणायचं म्हणून म्हणायचं, नाहीतर सोळासतरा पोरं, एक बॉल आणि एक रिटायर झालेले फौजी कोच. एका व्यापाऱ्यानं टीम दत्तक घेतली. जर्सी दिली, बूट दिले, स्पर्धांची प्रवेश फी भरली, गोव्याला दोन सामने खेळायला गाडी करून दिली. चार वर्षं सगळं छान चाललं. मग त्याचा धंदा हुबळीकडे वाढला आणि टीम तिकडे नेणार अशी कुजबुज सुरू झाली. तिकडे मैदान चांगलं, तिकडच्या ओळखी मोठ्या, असं काहीबाही.

संध्याकाळी गोवावेसजवळच्या कट्ट्यावर सभा भरली. सभा म्हणजे पंधरावीस जण आणि चार चहा, निम्मे निम्मे. आमच्या शेजारचे आण्णा, ज्यांनी काळ्या दिनाची एकही फेरी चुकवलेली नाही, म्हणाले, "काळ्या फिती माझ्याकडं हाईत की, गेल्या खेपेच्या उरल्यात." पोरांना ते पटलं नाही. फिती लावून आत जायचं म्हणजे त्याच्याच सामन्याला गर्दी करायची, असं त्यांचं म्हणणं. बहिष्कार म्हणजे कसं, एक घाव दोन तुकडे. मीही बहिष्काराच्या बाजूनं बोललो, आणि जरा जास्तच जोरात बोललो. अर्धा तास तर निवेदनावर पहिली सही कुणाची ह्यातच गेला, ते सोडा.

उपांत्य सामन्याला आम्ही कुणी गेलो नाही. एरवी कडेनं दोनशे माणूस उभं असायचं, त्या दिवशी वीसेक, आणि त्यात निम्मे समोरच्या टीमचे. आम्ही कट्ट्यावर बसून एकमेकांना शाबासकी देत होतो. त्या व्यापाऱ्यानं मोबाईल काढला, रिकाम्या पायऱ्यांचे फोटो घेतले आणि पोरांच्या आईबापांना दाखवत फिरला. "बघा, इथं बघायलासुद्धा कोण येत नाही. मी कुणासाठी पैसे घालू?" त्याला हवा असलेला पुरावा आम्ही घरबसल्या तयार करून दिला होता. जूनमध्ये टीम गेली. सहा पोरं तिकडे, बाकीची इथे.

आण्णा मला त्यावरून आजही एक शब्द बोललेले नाहीत. तेच जास्त लागतं.

पुढं कधीतरी अमेरिकेतल्या कोलंबस शहराची हकीकत वाचली तेव्हा कपाळावर हात मारला. तिथल्या कोलंबस क्रू ह्या फुटबॉल क्लबचा मालक २०१७ च्या ऑक्टोबरात म्हणाला की संघ टेक्सासमधल्या ऑस्टिनला नेण्याचा विचार आहे. कारण काय, तर इथं प्रेक्षक कमी आणि कंपन्यांचा पाठिंबा कमी. म्हणजे आमच्या व्यापाऱ्याचंच गाऱ्हाणं, फक्त रक्कम मोठी. अशा माणसासमोर स्टेडियम रिकामं ठेवणं म्हणजे त्याच्या वकिलाची फी आपण भरणं. तिथल्या चाहत्यांनी 'सेव्ह द क्रू' नावाची मोहीम उभी केली. दुकानांच्या काचांत पिवळेकाळे फलक लागले, नवा मालक आला तर आम्ही हंगामी तिकिटं घेऊ अशी वचनं गोळा केली गेली, शहरातल्या धंदेवाल्यांना सोबत घेतलं गेलं. त्यांच्या हाताशी एक कायदाही होता. १९९५ मध्ये ओहायो राज्यातल्याच क्लीव्हलँडचा अमेरिकन फुटबॉल संघ मालकानं बाल्टिमोरला हलवायचं जाहीर केलं, त्या संतापातून पुढच्या वर्षी हा कायदा झाला. सरकारी पैशाची मदत घेतलेला संघ हलवायचा असेल तर सहा महिने आधी नोटीस द्या आणि स्थानिक माणसाला विकत घ्यायची संधी द्या, असं तो सांगतो. २०१८ मध्ये राज्याच्या ॲटर्नी जनरलनं, म्हणजे मुख्य सरकारी वकिलानं, त्याच कायद्यावर बोट ठेवून दावा ठोकला. शेवटी स्थानिक खरेदीदार मिळाले, त्यांत क्लबच्या जुन्या डॉक्टरांचं कुटुंबही होतं. संघ तिथेच राहिला आणि २०२० ला विजेतेपदही जिंकला. ऑस्टिनला वेगळा नवा संघ मिळाला तो २०२१ ला.

त्यांनी मालकाला नुसतं "जाऊ नको" म्हटलं नाही, "तू जा, संघ ठेव" म्हटलं, आणि संघ घेणारा माणूस शोधून दाखवला. आमच्या कट्ट्यावर ही गोष्ट कुणाच्या डोक्यातसुद्धा आली नव्हती. सोळा पोरांचे बूट आणि प्रवेश फी, खडेबाजारातल्या चार दुकानदारांनी मिळून सहज उचलली असती.

आता दुसरी बाजू, निर्णय होऊन गेल्यावरची. ह्यात विम्बल्डनसारखं उदाहरण नाही. टेनिसवालं नव्हे, लंडनचा फुटबॉल क्लब. ह्या क्लबनं १९८८ ला लिव्हरपूलला १-० हरवून एफए कप घेतला होता. १९९१ पासून मात्र स्वतःचं प्लाऊ लेन मैदान सोडून क्रिस्टल पॅलेस क्लबच्या सेल्हर्स्ट पार्कवर भाडेकरू. मग मालक म्हणाले, लंडनबाहेर मिल्टन कीन्सला जाऊ. चाहत्यांनी निषेधाचे सगळे प्रकार करून बघितले, क्लबची अधिकृत पत्रिका घ्यायची सोडून स्वतःची छापून विकली. पण २८ मे २००२ रोजी फुटबॉल असोसिएशनच्या तिघांच्या आयोगानं दोन विरुद्ध एक मतानं परवानगी दिली.

इथून पुढं त्यांचा बहिष्कार बघण्यासारखा आहे. महिनाभरात त्यांनी नवा क्लब काढला, एएफसी विम्बल्डन. खेळाडू कुठून आणायचे? विम्बल्डन कॉमनच्या उघड्या माळावर निवड चाचणी ठेवली, २३० जण आले. १० जुलैला पहिला मित्रत्वाचा सामना झाला, ०-४ हरले, आणि बघायला साडेचार हजारांवर माणसं. जुना क्लब अजून सेल्हर्स्ट पार्कवरच खेळत होता, वरून दुसऱ्या श्रेणीत. त्या ऑक्टोबरात रॉदरहॅमविरुद्धच्या सामन्याला मोजून ८४९ लोक होते. नव्या क्लबला नवव्या पातळीपासून सुरुवात करावी लागली, तिथे सरासरी त्याहून कितीतरी जास्त गर्दी. २०११ ला ते फुटबॉल लीगमध्ये पोचले आणि नोव्हेंबर २०२० मध्ये प्लाऊ लेनच्या रस्त्यावर, स्वतःच्या नव्या मैदानात परतले. कोविडमुळे तो पहिला सामना रिकाम्या स्टेडियममध्ये झाला. अठरा वर्षं थांबले आणि त्या दिवशी टीव्हीवर बघत बसले! जुना क्लब २००४ पासून मिल्टन कीन्स डॉन्स झाला. २००७ मध्ये त्यानं जुन्या ट्रॉफ्या विम्बल्डनच्या मर्टन भागाच्या महापालिकेकडे परत केल्या.

८४९ हा आकडा परिणामकारक का ठरला? कारण न आलेली माणसं घरी बसली नव्हती, त्यांना शनिवारी जायला दुसरी जागा होती. नुसता बहिष्कार दोन महिने टिकतो. मग कुणाचा तरी मेहुणा पास घेऊन येतो, पोरगं हट्ट करतं, आणि आपण गेटवर तोंड लपवत उभे असतो.

लंडनच्याच चार्लटन क्लबचंही थोडक्यात सांगतो, कारण त्यांनी वेगळंच दार ठोठावलं. १९८५ मध्ये क्लबनं 'द व्हॅली' हे घरचं मैदान सोडलं, तिथं गवत माजलं. पुढं परत यायचं ठरल्यावर चाहत्यांनी स्वतः जाऊन ते रान साफ केलं. मग महापालिकेनं बांधकामाला नकार दिला. तर ह्यांनी १९९० च्या निवडणुकीत 'व्हॅली पार्टी' नावानं उमेदवार उभे केले आणि १४,८३८ मतं घेतली. डिसेंबर १९९२ मध्ये क्लब घरी आला. त्यांची अडचण मालक नव्हता, महापालिका होती, म्हणून घाव तिथं घातला.

आपल्याकडे असं का होत नाही म्हणाल, तर आयएसएलमध्ये, म्हणजे इंडियन सुपर लीगमध्ये, क्लब म्हणजे बऱ्याचदा परवाना. २०१९ च्या एकाच उन्हाळ्यात पुण्याची जागा हैदराबादला गेली आणि दिल्ली डायनामोज भुवनेश्वरला जाऊन ओडिशा एफसी झाला. हैदराबादवाला तोच संघ पुढं २०२५ मध्ये दिल्लीला. पुण्यात तेव्हा नोकरी करणारे माझे दोन मित्र बालेवाडीला नियमानं जायचे; त्यांना बातमी इतरांसारखीच मोबाईलवर कळली, वाद घालायलाही वेळ मिळाला नाही. उलट कोलकात्याला बघा. २०२० मध्ये मोहन बागान क्लबच्या नावापुढं त्याच शहरातल्या एटीके ह्या दुसऱ्या क्लबचं नाव लागलं, तर चाहते तीन वर्षं 'रिमूव्ह एटीके' म्हणत हटून बसले, आणि जून २०२३ पासून ते नाव निघालं. शहर बदललं नव्हतं, मालकही तोच. पण १८८९ पासूनचं नाव पाठीशी असलेल्या लोकांचा आवाज वेगळाच.

आम्हाला जवळचं म्हणजे कोल्हापूर, इथून शंभरसव्वाशे किलोमीटर. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहारचा सामना असला की आमच्या गल्लीतून पोरं गाडीला गाडी लावून जातात. तिथं क्लबचं नावच तालमीचं, पेठेचं. उद्या कुणी म्हणाला की पाटाकडील तालीम हैदराबादला नेतो, तर मिरजकर तिकटीला लोक त्याला चहा पाजून घरी पाठवतील. पेठ कशी उचलून नेणार?

म्हणून तुमच्या पुढच्या बैठकीत बहिष्कार की घोषणा हा विषय शेवटी घ्या. आधी नाव, चिन्ह आणि रंग कुणाच्या मालकीचे आहेत ते शोधा. मालकाच्या कंपनीचे असतील तर आजच आपलं चाहत्यांचं मंडळ रीतसर नोंदवून घ्या, म्हणजे उद्या पैसे गोळा करायला खातं तरी असेल. तोवर प्रत्येक सामन्याला जा. भरपूर जा. पण स्टॉलवर खाऊ नका, नवी जर्सी घेऊ नका, जुनीच घाला. मालकाला भरलेली गॅलरी आणि रिकामा गल्ला दोन्ही एकदम दिसू देत. गर्दीचे फोटो तुम्ही काढा, त्याच्याआधी. आणि सही पहिली कुणाची ह्यावर भांडू नका, चिठ्ठ्या टाका.

आमच्या उरलेल्या पोरांचं विचारलं नाहीत, पण सांगतो. पावसाळा संपल्यावर फौजी कोचनी नऊ जण आणि दोन भाऊबंद गोळा करून टीम उतरवली. जर्सी जुन्याच, छातीवरच्या दुकानाच्या नावावर वायरमनची काळी टेप. पहिला सामना ०-५. आण्णा आले होते, छत्री घेऊन, माझ्यापासून लांब उभे.

आता मला एवढं कळवा: तुमचं मैदान क्लबच्या मालकीचं आहे, की महापालिकेचं, की भाड्याचं? भाड्याचं असेल तर करार कधी संपतो? त्यावर वरचं बरंच काही बदलेल.