वाचकांचे प्रश्न : बैठकीत सगळे ठीक, मग अडचणी शेवटीच का कळतात?

प्रश्न : दर आठवड्याच्या आढावा बैठकीत मी टीममधल्या प्रत्येकाला काही अडचण आहे का, असे आवर्जून विचारतो. ‘नाही, वेळेत होईल,’ एवढेच उत्तर मिळते. काम सोपवण्याची तारीख तोंडावर आली की मात्र एकेक गोष्ट बाहेर येते आणि ती अनेकांना कधीपासूनच माहीत होती, हेही तेव्हाच कळते. मी कोणावर आवाज चढवत नाही, केव्हाही येऊन बोला असे सांगून ठेवले आहे. तरीही माणसे माझ्यापासून का लपवतात?

उत्तर : आपण आवाज चढवत नाही हे चांगलेच आहे, पण टीममधली माणसे वरिष्ठांच्या स्वरापेक्षा अडचण सांगणाऱ्याचे पुढे काय झाले, हे अधिक बारकाईने पाहत असतात. मागे एखाद्याने ‘चाचणीला आणखी आठ दिवस लागतील’ असे सांगितले, तेव्हा आपण काय म्हणालात ते आठवून पाहा. ‘हे आधी का नाही सांगितलेत?’ हा प्रश्न कितीही शांतपणे विचारला, तरी बाकीच्यांना त्यातून सांगणारा अडकला एवढेच कळते. त्यानंतर त्याला रोज संध्याकाळी प्रगतीचा मेल पाठवायला सांगितले असेल, त्याच्या उत्तराची प्रत आपल्या वरिष्ठांना गेली असेल किंवा वार्षिक मूल्यमापनात ‘नियोजनात कमी पडतो’ अशी नोंद झाली असेल, तर गप्प बसलेलेच बरे, हे टीमला कोणी वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

ॲलन मुलाली 2006 मध्ये फोर्ड कंपनीचे प्रमुख झाले, तेव्हा त्यांना हेच दिसले. साप्ताहिक बैठकीत प्रत्येक अधिकाऱ्याने आपल्या कामाच्या तक्त्याला हिरवा, पिवळा किंवा लाल रंग द्यायचा होता. कंपनी अब्जावधी डॉलरच्या तोट्याकडे चालली होती आणि तक्ते मात्र सगळे हिरवे होते. अखेर त्यांच्यातल्याच मार्क फील्ड्स या अधिकाऱ्याने एका नव्या गाडीतील दोषामुळे तिचे काम थांबवले असल्याचे सांगून लाल तक्ता समोर ठेवला. मुलाली यांनी टाळ्या वाजवल्या आणि यात कोण मदत करू शकेल, असे इतरांना विचारले. पण या प्रसंगातले मला महत्त्वाचे वाटते ते टाळ्यांनंतरचे. फील्ड्स आपल्या पदावर शाबूत आहेत, हे पुढच्या बैठकांत दिसल्यावरच इतरांचे तक्तेही लाल-पिवळे होऊ लागले. एका चांगल्या प्रतिसादावर माणसे विसंबत नाहीत. पहिल्या माणसाचे काय होते, ते पाहायला ती थांबतात.

आपल्याला आणखी एका गोष्टीची तयारी ठेवावी लागेल. संशोधक एमी एडमंडसन यांनी 1990 च्या दशकात रुग्णालयांतील परिचारिकांच्या गटांमध्ये औषधे देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास केला, तेव्हा ज्या गटांचे नेतृत्व आणि परस्परसंबंध चांगले होते, त्यांच्याच चुकांची नोंद अधिक आढळली. ते गट अधिक चुका करत होते असे नव्हे, तर झालेल्या चुकांबद्दल ते मोकळेपणाने बोलत होते, असा अर्थ त्यांनी लावला. आपल्या टीमचा विश्वास वाढू लागला की सुरुवातीला आढाव्यातील अडचणींची संख्याही वाढेल, आणि आपल्या वरिष्ठांना ते काम बिघडल्यासारखे दिसेल. अशा वेळी आपण त्यांच्यापुढे टीमची बाजू कशी मांडता, हे टीमपर्यंत पोहोचल्याशिवाय राहत नाही.

‘अडचण आहे का?’ या प्रश्नाला ‘नाही’ हे सोयीचे उत्तर असते. त्याऐवजी ‘या यादीतले कोणते काम लांबण्याची शक्यता जास्त वाटते?’ असे विचारा. उत्तर मिळाल्यावर पुढचा प्रश्न मदतीचा असू द्या; कारणांची चौकशी नंतर, संबंधितांशी, स्वतंत्रपणे करता येते. साप्ताहिक आढाव्यात कोणी स्वतःहून सांगितलेली अडचण त्याच्या मूल्यमापनात वापरायची नाही, असा नियम स्वतःपुरता घालून घ्या आणि तो टीमला सांगाही. टाळ्या वाजवण्याची मात्र गरज नाही. ते नाटकी वाटेल.

प्रश्न : एका सहकारी महिलेला मी बढतीचा शब्द दिला होता, पण वरून मंजुरी आली नाही. त्या काम चोख करतात, मात्र आता माझ्याशी कामापुरतेच बोलतात. माफी मागितल्याने फरक पडेल का?

उत्तर : आपला शब्द का मोडला, याबद्दल त्या काय समजतात, यावर ते अवलंबून आहे. मेयर, डेव्हिस आणि शूरमन या संशोधकांनी 1995 मध्ये मांडल्याप्रमाणे, एखाद्यावर विश्वास ठेवताना आपण त्याची क्षमता, आपल्याबद्दलची सद्भावना आणि सचोटी अशा तीन गोष्टी जोखत असतो. क्षमतेतील उणीव लोक पोटात घालतात. प्रामाणिक माफी मागितली तर तिथे उपयोग होतो. सचोटीवर बोट आले की तीच माफी गुन्ह्याची कबुली ठरू शकते, असे किम, फेरिन, कूपर आणि डर्क्स यांच्या 2004 च्या प्रयोगांतून दिसले. मंजुरी आपल्या हातात नसताना ती असल्यासारखा शब्द आपण दिला असेल, तर तेवढेच स्पष्ट सांगून त्याबद्दल माफी मागा. वरिष्ठांवर खापर फोडू नका. शिफारस लेखी केली होती का, नकाराचे कारण काय मिळाले आणि पुन्हा प्रस्ताव केव्हा जाईल, हे त्यांना विचारावे न लागता सांगा. यापुढे ‘मी शिफारस करेन’ आणि ‘तुम्हाला बढती मिळेल’ या दोन वाक्यांत गल्लत होऊ देऊ नका. लगेच पूर्वीसारखे बोलणे सुरू होईल, अशी अपेक्षा ठेवू नये.

प्रश्न : विभागांच्या फेररचनेची मला कल्पना आहे, पण ती सांगण्याची परवानगी नाही. टीमने विचारले तर काय सांगू?

उत्तर : ‘मला काही माहीत नाही’ असे मात्र सांगू नका. चर्चा चालू आहे, तपशील सांगण्याची मला मुभा नाही, आणि मुभा मिळाली की त्याच दिवशी मी स्वतः सांगेन, इतके बोलण्यास बहुधा हरकत नसते. तरीही तेवढी परवानगी वरिष्ठांकडून आजच मागून ठेवा.