पारा कमी, तरी घामाच्या धारा का?

प्रश्न : लेक रत्नागिरीला असते. मे महिन्यात तिथं पारा ३३ च्या आसपास, आमच्या सोलापुरात ४२. तरी तिच्याकडं जीव नकोसा होतो. असं का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : ताई, नुसत्या पाऱ्यावर जाऊ नका. समुद्र सावकाश तापतो, दुपारी तिकडून खारा वारा सुटतो, म्हणून पारा चढत नाही. पण हवेत बाष्प इतकं, की घाम वाळतच नाही. आणि अंग गार होतं ते घाम वाळण्यानंच. आपल्याकडं कोरडी झळ, पार्क चौकातून घरी येईस्तोवर सदरा वाळलेला! पावसाळ्यात तर जाऊच नका. ढग सह्याद्रीला अडतात, कोकणात ३००० मिलिमीटरच्या वर कोसळतात, आपल्याला ७०० च्या आसपास. डिसेंबरात जा. शेंगाचटणी मात्र घट्ट झाकणाच्या बरणीत न्या, तिथं लगेच सादळते.