बागेतल्या भेकाच्या विषातून औषध निघेल का?

प्रश्न : पावसात आमच्या मखमलाबादच्या द्राक्षबागेत मोठे खडबडीत बेडूक निघतात. मागे कुत्र्याने एक तोंडात धरला तर तोंडाला फेस आला, डॉक्टरांनी वाचवलं. लेक बीएस्सी मायक्रोबायोलॉजीला आहे, म्हणते याच विषातून जंतू मारायचं औषध मिळू शकतं, प्रोजेक्ट करते. करू द्यावं का?
– एक बागायतदार, नाशिक

उत्तर : दादा, करू द्या, पण बेडूक घरी पकडून नाही, कॉलेजच्या एथिक्स कमिटीला (प्राण्यांवरचे प्रयोग योग्य आहेत का हे बघणारी समिती) विचारून आणि मॅडमच्या देखरेखीखाली. तो बेडूक म्हणजे भेक. डोळ्यांमागच्या फुगीर ग्रंथींतून जे पांढरं चिकट निघतं त्यात बुफालिनसारखी द्रव्यं असतात, ती आपल्या पेशींमधला सोडियम-पोटॅशियमचा पंप (हे क्षार पेशीच्या आत-बाहेर करणारी यंत्रणा) अडवतात आणि हृदयाचे ठोके बिघडवतात, डिजॉक्सिन नावाचं हृदयाचं औषधही असंच चालतं. हा पंप जंतूंमध्ये नसतोच! म्हणजे या विषाचा मुख्य मारा आपल्यावर आहे, जंतूंवर नाही, हे लेकीला आधी सांगा.

पण तिची कल्पना वेडगळ नाही हां. 1987 मध्ये मायकेल झॅस्लॉफ या शास्त्रज्ञांना आफ्रिकन बेडकाच्या कातडीत जंतू मारणारं मॅगेनिन सापडलं, टाके घातलेले बेडूक घाण पाण्यात राहूनही त्यांच्या जखमा चिघळत नाहीत हे बघून त्यांनी शोध घेतला होता. फक्त ते छोटं प्रथिन, बुफालिनपेक्षा वेगळंच. म्हणून अख्खं विष एकदम वापरण्यापेक्षा त्यातले घटक वेगळे करून तपासायला हवेत.

आता मुख्य गोष्ट. जंतू वाढवलेल्या प्लेटवर विष लावलेली कागदाची चकती (डिस्क) ठेवतात, तिच्याभोवती जंतू न वाढलेलं गोल दिसलं की पोरं खूष होतात, पण विष ज्यात विरघळवलं त्या मिथेनॉलमुळेही ते गोल पडू शकतं, म्हणून नुसत्या मिथेनॉलची डिस्क शेजारी हवीच, आणि तुलनेला एक नेहमीच्या अँटिबायोटिकची. मग कमीत कमी किती मात्रेत जंतू थांबतात ते काढायचं, आणि त्याच मात्रेत तांबड्या रक्तपेशी फुटतात का, माणसाच्या पेशी मरतात का ते बघायचं. माणसाच्याच का, तर उंदराचा पंप बुफालिनला फारशी दाद देत नाही, उंदराच्या पेशी धडधाकट दिसल्या म्हणून आपण सुरक्षित असं अजिबात होत नाही. कॉलेजात पेशी वाढवायची सोय नसेल तर आर्टेमिया नावाच्या इवल्या कोळंबीवर विषारीपणाची 24 तासांची चाचणी स्वस्तात होते, तिथून सुरुवात करू दे.

आणि कुत्र्याने परत भेक धरला तर तोंड खाली करून वाहत्या पाण्याने धुवा, पाणी घशात जाऊ देऊ नका, आणि लगेच डॉक्टर गाठा.